टी-५५ खेळण्यागत दिसतोय म्हणून लगेच एअरब्रश घेऊ नको

निपाणीच्या भावा, फोटो बघितले. टी-५५ ह्या रशियन रणगाड्याचं, १:३५ चं म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं पहिलंच प्लास्टिकचं किट, दोन महिने खपून जोडलास, दुकानातल्या ॲक्रिलिकचा हिरवा रंग ब्रशनं मारलास आणि आता म्हणतोस की टँक खेळण्यागत दिसतोय, एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारायची छोटी गन) आणि कंप्रेसर घेऊ का? घेऊ नको. म्हणजे कधीच नको असं नाही ओ, पण आत्ता घेतलास तर हाच प्लास्टिकचा हिरवा टँक जरा गुळगुळीत दिसेल, एवढाच फरक पडणार.

आधी रंगाचं. बाटलीतला रंग तसाच मारलास ना? कडेला रंग साठलाय, बोल्टांची डोकी बुजलीत. हिशेब कर की, तुझा थर मिलिमीटरचा दहावा भाग जरी धरला तरी ३५ पटीनं तो साडेतीन मिलिमीटर झाला, म्हणजे खऱ्या टँकला कुणी डांबर फासल्यागत. रंग ताकाएवढा पातळ करायचा, चपटा ब्रश, तीन हात द्यायचे, आणि ओला रंग परत घोळत बसायचं नाही. पहिला हात इतका विद्रूप दिसतो की पुसून टाकावं वाटतं, पुसू नको, तिसऱ्या हाताला सगळं सारखं होतं. आत्ता जो रंग बसलाय तो १००० नंबरच्या पॉलिशपेपरनं पाणी लावून हलकं घास, पुरे होईल.

आता खरा मुद्दा, आणि इथं मी जरा लांबण लावणार, कारण माझं सगळं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत, धातू ओतायच्या फौंड्रीत गेलंय. टी-५५ चा टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, ओतीव असतो. खाली हल, म्हणजे टँकचं धड, आहे तो रोल केलेल्या प्लेटा वेल्डिंग करून बनवलेला, पण टरेटचा घुमट म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेलं पोलाद, आणि त्याच्या वरचं छप्पर परत प्लेटचं, वेल्ड करून बसवलेलं. तुझ्या मॉडेलवर हे तिन्ही एकसारखं गुळगुळीत आहे, म्हणून डोळ्याला खोटं वाटतं, का ते कळत नाही पण वाटतं. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्यावर वाळूचा खरखरीतपणा राहतो, साच्याचे दोन भाग जुळतात तिथं पार्टिंग लाईन येते, रायझर (ओतताना जादा धातू साठवायचा खांब) कापला तिथं ग्राइंडर मारल्याच्या खुणा असतात. जिथं काही बसायचं असतं तेवढंच मशिनिंग करतात, बाकीचं तसंच ठेवतात, चिलखताला पॉलिश कोण करत बसणार? नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी पॅटन ह्या अमेरिकन टँकच्या टरेटवर तळहात फिरवून बघितला, डोळे मिटून सांगितलं असतं की ओतीव आहे म्हणून. बायको म्हणाली, इथं येऊन पण कास्टिंगच चाचपा.

मॉडेलवर हे करायला खर्च नाही. मॉडेलच्या फटी भरायची पुट्टी थोड्या थिनरमध्ये लेईगत कर, घुमटाला पातळ थर दे आणि ओला असतानाच जुन्या दातब्रशनं टोचत जा. घासायचं नाही, टोचायचं. वाळलं की ४०० च्या पेपरनं वरची टोकं मोडून टाक. जास्त झालं तर फणसागत दिसतं, माझा पहिला तसाच झाला होता. छपराच्या प्लेटवर पुट्टी अजिबात नको, तिथं फक्त कडेची वेल्डिंगची रेघ. रंग मारलाय म्हणून काही बिघडत नाही, टरेट काढून घास आणि तेवढाच परत कर.

पट्टे बघ. टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात अंतर जास्त, आणि वरून पट्टा पेलायला छोटी चाकं नाहीतच. त्यामुळं वरचा पट्टा आपल्या वजनानं थेट चाकांवर येऊन पडतो आणि दोन चाकांच्या मधे झोळ येतो. तुझा रबरी पट्टा वाळत घातलेल्या दोरीगत ताठ आहे. प्रत्येक चाकाच्या डोक्यावर सुपरग्लूचा थेंब टाकून पट्टा खाली दाबून धर, मडगार्डखाली कापसाचा बोळा कोंबून रात्रभर ठेव. एवढ्या एका कामानं टँक जड दिसायला लागतो बघ, खरा टँक ३६ टनांचा आहे, ते वजन कुठंतरी दिसायला पाहिजे की नको?

आणि पट्ट्याला नारिंगी गंज लावलायस तो काढ. चालत्या पट्ट्याला तसला गंज टिकत नाही. तुमच्याकडं रस्त्याचं काम चालू असेल तिथं पोकलेन उभा असतो, त्याचे पट्टे जाऊन बघ. जमिनीला लागतो तो भाग चांदीगत घासलेला, खाचेत माती, मधला भाग काळपट तपकिरी. ६बी पेन्सिल उंच भागावर घासली की अगदी तसंच होतं. चिखल बघायचा तर उसाच्या सीझनला कारखान्याच्या रांगेतले ट्रॅक्टर बघ, खालचा चिखल ओला गडद, वरचा वाळून फिका, आणि ड्रायव्हर जिथं पाय देऊन चढतो तिथला रंगच उडालेला.

मातीवरून एक. १९७१ चा भारतीय टँक करायचा म्हणतोस, मग खानापूरची तांबडी माती त्याच्यावर घालू नको. लढाई पंजाबात दाखवायची तर माती भुरकट पाहिजे, राजस्थानात तर फिकी वाळू. चित्रकलेचे पेस्टल खडू पेपरवर घासून भुकटी कर, वस्त्रगाळ कर, थिनरमध्ये कालवून चाकांना लाव. त्याच्या आधी वार्निशचा एक हात, मग तेलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये एकदम पातळ करून खाचांतून सोडायचा (ह्यालाच वॉश म्हणतात), हे विसरू नको. वार्निश न मारता वॉश सोडला की सगळ्या टँकवर डाग पसरतात.

वार्निश स्प्रेचं असेल तर पाऊस थांबू दे. मी एकदा जुलैत, बाहेर झिमझिम चालू असताना, गॅलरीत उभा राहून मारला आणि सकाळी टँकवर दव पडल्यागत पांढरा थर. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्याच्यात अडकते. आमच्या बेळगावात जून ते सप्टेंबर हे काम बंदच ठेवायचं, तेव्हा नुसतं जोडकाम करायचं.

एअरब्रश पुढच्या किटला बघू. तोवर हात बसवायचा असेल तर ओळखीच्या मूर्तिकाराकडं गणपतीच्या आधी महिनाभर जाऊन बस, गन किती लांब धरतात, हात न थांबवता कसा फिरवतात ते बघून जेवढं कळतं तेवढं व्हिडिओत कळत नाही. चहाचे पैसे तू दे.

आणि डाव्या बाजूचं तिसरं चाक उलटं बसलंय, हबची टोपी आत गेलीय. चिकटलं असेल तर उपटू नको, एक्सल मोडेल. त्याच चाकावर सगळ्यात जास्त चिखल लाव.