सीपॅप लावूनही थकवा जात नाही? एएचआयच्या आधी तास आणि गळती बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्लीप स्टडीत तासाला 38 वेळा श्वास अडत असल्याचं निघालं, अठरा दिवसांपासून सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन) लावताय, मशीन आता एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो तो आकडा, 2.1 दाखवतंय, घरचे म्हणतात घोरणं थांबलं. तरी सकाळी अंग आधीपेक्षा जड, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात. मशीन मानवत नाही असं समजून बंद करावं का?

बंद करू नका. अठरा दिवस हा निकाल लावण्याइतका काळ नाही, आणि या थकव्याची कारणं बहुतेक वेळा सापडण्यासारखी असतात.

2.1 हा आकडा चांगलाच आहे, कारण 5 च्या खाली म्हणजे सामान्य. पण मास्क चेहऱ्यावर असताना श्वास किती वेळा अडला, एवढंच तो सांगतो. मास्क काढून उशाशी ठेवल्यावर काय झालं ते त्यात येत नाही. तुम्ही झोपला होता की जागे पडून होता, हेही मशीनला कळत नाही. स्लीप स्टडीत डोक्याला तारा लावून झोप मोजतात, मशीन मात्र चालू असल्याचे तास मोजतं. कूस बदलत जागं राहून काढलेल्या रात्रीही एएचआय 2 येऊ शकतो. रेसमेड कंपनीच्या मशीनचं मायएअर ॲप वापरत असाल तर त्यातल्या 100 गुणांपैकी 70 गुण वापराच्या तासांना आणि 20 मास्कच्या सीलला असतात, श्वास अडण्याला फक्त 5. म्हणजे तिथला मोठा आकडाही झोप चांगली लागल्याची खूण नाही.

आधी तास बघा, आणि सरासरी नको, एकेक रात्र बघा. अकराला मास्क लावला, तीन-साडेतीनला झोपेतच काढला, सातला उठलात, हे फार सर्रास होतं आणि अनेकांना ते आठवतही नाही. इथेच खरा तोटा होतो. आरईएम, म्हणजे स्वप्नांची झोप, पहाटेच्या बाजूला जास्त असते. त्या वेळी घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात आणि बऱ्याच जणांचा ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) तेव्हाच सगळ्यात वाईट असतो. मास्क नेमका तेव्हा उशीवर. ‘चार तास लावलं तरी चालतं’ असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. हा आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या, मशीनचे पैसे देण्याच्या नियमातला आहे: 30 दिवसांत 70 टक्के रात्री किमान चार तास. उपचार म्हणून जेवढी झोप तेवढा वेळ मास्क, दुपारची डुलकी धरून. रात्री जाग आली आणि मास्क काढलेला दिसला तर ‘आता दोनच तास राहिलेत’ असं न म्हणता परत लावा.

दुसरी गोष्ट गळती, म्हणजे मास्कच्या कडेने किंवा तोंडातून निसटणारी हवा. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटरपर्यंतची गळती चालते. त्याच्या वर गेली की दाब टिकत नाही आणि श्वासाची नोंदही भरवशाची राहत नाही. दुसऱ्या कंपन्या गळती वेगळ्या रीतीने मोजतात, त्यामुळे दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. सीमेच्या आतली गळतीही त्रास देते: हवेचा झोत डोळ्यात जातो, कडेने फुरफुर आवाज येतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, उरतो तो थकवा. सकाळी तोंड सुकून जीभ टाळूला चिकटत असेल तर हवा तोंडातून जाते आहे. नाकाचा मास्क असेल तर तिथे संशय घ्या.

मास्क बसवण्याची रीत बहुतेकांना धड दाखवलेली नसते. लोक पलंगावर बसून, मशीन बंद असताना पट्टे आवळतात. आडवं झालं की गालांचा आकार बदलतो, दाब सुरू झाला की कुशन फुगतं, आणि तो आवळलेला मास्क गळायला लागतो. म्हणून आधी सगळे पट्टे सैल करा. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर पडा, मशीन चालू करा आणि जमलं तर रॅम्प (दाब हळूहळू वाढवणारं सेटिंग) बंद ठेवून पूर्ण दाब येऊ द्या. मास्क चेहऱ्यापासून अर्धा इंच पुढे ओढा आणि हळूच परत टेकू द्या, म्हणजे सिलिकॉनची आतली पातळ कड फुगून त्वचेवर नीट बसेल. मग खालचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी एकदम, थोडे थोडे ओढा. गळती थांबली की तिथेच थांबा. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उमटत असेल तर जास्त आवळताय. आवळल्याने ती कड चेपते आणि गळती उलट वाढते. कुशन रोज कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवा आणि झोपण्याआधी चेहराही धुवा. क्रीम किंवा डोक्याचं तेल लागलं की सिलिकॉन घसरतं. दाट मिशी-दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा पिलो मास्क करून बघा.

तोंडातून गळती होत असेल तर लगेच हनुवटीचा पट्टा घेऊ नका, आधी नाक बघा. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडणारच. सलाइनने नाक धुणं, डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे (त्याला गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात) आणि ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी), एवढ्यानेही बऱ्याच जणांचं काम होतं. नाक लगेच मोकळं करणारे ऑट्रिव्हिनसारखे थेंब सलग आठवडाभर टाकू नका, नंतर नाक आणखी चोंदतं. एवढं करूनही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला, गाडीच्या बॅटरीसाठी मिळतं ते नको, आणि उरलेलं सकाळी ओतून द्या. पावसाळ्यात कोकणात किंवा एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो आणि तोंडावर थेंब पडतात. ओलावा एक-दोन पायऱ्या कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट, कोरड्या हवेत ओलावा वाढवावा लागतो. रात्री वीज जात असेल तर मशीन इन्व्हर्टरवर घ्या. ह्युमिडिफायरचा हीटर कमी ठेवला तर बॅटरी जास्त वेळ पुरते.

आता दाब. आपल्याकडे पुष्कळ ऑटो मशीन (दाब आपोआप कमी-जास्त करणारी) 4 ते 20 (सेंटिमीटर पाण्याचा दाब) अशा पूर्ण मोकळ्या सेटिंगवरच घरी येतात. 4 वर बऱ्याच जणांना हवा पुरत नाही, गुदमरल्यासारखं होतं, झोप लागायला उशीर होतो. शिवाय रात्री श्वास अडायला लागला की मशीनला 4 वरून 10-11 पर्यंत चढत जावं लागतं, तोवर दोन-चार वेळा झोप चाळवते. रिपोर्टमध्ये सरासरीच्या जवळचा म्हणजे मीडियन दाब आणि 95 टक्क्यांचा दाब (95 टक्के वेळ दाब ज्याच्या आत राहिला तो) असे दोन आकडे असतात. समजा ते 8 आणि 11 आहेत. मग 4 हा खालचा दाब फारच कमी आहे. तो 7 च्या आसपास आणावा का, हे डॉक्टरांना विचारा. परस्पर बदलू नका, कारण दाब जास्त झाला तर पोटात हवा जाऊन फुगणं, ढेकर आणि नवी गळती सुरू होते. श्वास सोडताना जड जात असेल तर ईपीआर हे सेटिंग बाहेर सोडतानाचा दाब 1 ते 3 ने उतरवतं.

रिपोर्टमध्ये आणखी एक बघा: उरलेल्या घटनांत ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ किती आहेत. काही जणांना सीपॅप सुरू केल्यावर घसा उघडा असूनही श्वास थांबतो, कारण मेंदूकडूनच इशारा येत नाही. बहुतेकांत हे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. तुमचा एकूण आकडाच 2.1 आहे, म्हणून याची शक्यता कमी. तो 5 च्या वर राहिला, किंवा हृदयाचा आजार असेल, तर मात्र लवकर दाखवा.

तास सहा-सात, गळती कमी, दाब ठीक, असे सहा-आठ आठवडे गेले आणि तरी थकवा आहे, तर कारण मशीनच्या बाहेर शोधायचं. इथे एक फरक स्वतःशी ओळखा. बसल्या जागी डोळे मिटतात ती झोप. डोळे उघडे, पण काही करायला अंगात त्राण नाही, हा थकवा. दुसऱ्या प्रकारात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी12 आणि साखर तपासायला सांगा. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन विशेष महत्त्वाचं. सर्दीसाठी रोज घेतलेली सेटिरिझिन, झोपेच्या गोळ्या, रात्रीची दारू, उदास मन, हेही सगळं डॉक्टरांसमोर मोकळेपणी मांडा. आणि रोज साडेपाच तासच झोपत असाल तर ती उणीव कोणतंच मशीन भरून काढणार नाही. सगळं तपासूनही झोप येतच राहिली तर त्यावर औषधं आहेत, पण ती तज्ज्ञानेच लिहून द्यायची.

तोवर एक गोष्ट अजिबात चालवून घेऊ नका: डोळे मिटत असताना गाडी चालवणं. दुचाकीसुद्धा.

डॉक्टरकडे जाताना फक्त फाइल नेऊ नका. मशीन, त्यातलं कार्ड, मास्क, नळी, सगळं पिशवीत घाला आणि तिथे आडवं होऊन मास्क लावून दाखवा. गळती कुठून होते ते समोरच दिसेल.