फायर तपासणीच्या नोटिसा कुणी वाचत नाही. रहिवाशांना नेमकं कळवायचं कसं?

तुम्ही विचारलंय: इमारत २२ मजल्यांची, तुम्ही कमिटीवर नवीन. अग्निसुरक्षेच्या तपासणीची नोटीस दर वेळी लागते, पण त्या दिवशी अर्धी दारं बंद, अलार्म वाजला की ग्रुपवर शिव्या. शिवाय तपासणीत जे दोष निघतात ते लोकांना सांगावेत की नाही यावर कमिटीतच दोन तट आहेत, कारण 'लोक उगाच घाबरतील'.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सांगा, सगळं सांगा. तुमच्या पहिल्या प्रश्नाची गाठही तिथेच बसलेली आहे.

मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. माझ्या नोटिसाही अशाच असायच्या, 'अमुक तारखेला ११ ते १ या वेळेत अग्निशमन यंत्रणेची तपासणी होणार असून सर्व सभासदांनी सहकार्य करावे.' एकदा लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "परवा तपासणी झाली ना? मग काय निघालं?" मला सांगता येईना. चार पानी रिपोर्ट माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता, मी फक्त शेवटच्या पानावर सही केली होती. घरी जाऊन वाचला तर त्यात लिहिलेलं, नवव्या मजल्यावरच्या जिन्याच्या दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारा दांडा, निकामी. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "ते होय? ते कधीचंच आपोआप लागत नाही. मला वाटलं, पिशव्या घेऊन जाता याव्यात म्हणून तुम्हीच ढिलं करून ठेवलंय."

म्हणजे दोष त्यांना आमच्या आधी माहीत होता. तो दोष आहे, एवढंच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी नोटिशीचा क्रम उलटा केला. तपासणी होणार ही बातमी छोटी, तपासणीत काय सापडलं ही मोठी. दुसरी नोटीस तपासणीनंतर दोन-तीन दिवसांत लागलीच पाहिजे. भाषा रिपोर्टची नको, आपली. आमची एक अशी होती: 'नववा मजला, जिन्याचं दार आपोआप बंद होत नाही. आग लागली तर धूर याच दारातून जिन्यात शिरेल. नवीन क्लोजर बसवायची तारीख १८. तोवर येता-जाता दार हाताने लावा. तारीख चुकली तर सेक्रेटरीला विचारा.' दोष काय, त्यामुळे काय होऊ शकतं, कधी नीट होणार, तोवर आपण काय करायचं आणि जाब कुणाला विचारायचा. सातव्या मजल्यावर जे ठीक निघालं तेही एका ओळीत लिहा, नाहीतर सातव्यावरचे म्हणतात आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही.

या दारांबद्दल मी जरा जास्त बोलतो, बायको हसते. पण लोकांना सगळ्यात कमी माहिती याच दारांची असते. आगीत माणसं बहुतेकदा धुराने जातात, ज्वाळा नंतर येतात. जिना धुरापासून वाचवायचं काम फायर डोअरचं. त्याच्या कडेला एक बारीक पट्टी असते, रबरासारखी दिसते. उष्णता लागली की ती फुगते आणि फट बुजवते. आमच्याकडे रंगाऱ्याने दोन मजल्यांवर त्या पट्ट्या 'लोंबतायत' म्हणून उपटून टाकल्या होत्या. कुणीच काही बोललं नाही, कारण ती कशासाठी असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मग मी एका रविवारी जिन्याच्या दाराशीच उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं: दार अर्धं उघडा, सोडून द्या, ते स्वतःहून पूर्ण मिटून खटका बसला पाहिजे. वीट किंवा कुंडी लावून उघडं ठेवलेलं फायर डोअर असून नसल्यासारखं. फ्लॅटचं मुख्य दारही अशाच प्रकारचं असेल तर 'जड लागतं' म्हणून त्याचा क्लोजर काढू नका. पोरांनी पुढच्या आठवड्यात सगळे मजले पालथे घालून मला तीन दारांची यादी आणून दिली. फुकटातली तपासणी.

अलार्मच्या चाचणीत आपण नकळत लोकांना शिकवतो की हूटर वाजला तरी बसून राहायचं. लांडगा आला रे आला, दुसरं काय. म्हणून नोटिशीत वेळ घट्ट बांधा: '११ ते ११:१० या वेळेत हूटर वाजेल, ती चाचणी. ११:१० नंतर वाजला तर तो खरा समजा.' आणि दहा मिनिटांत संपवाच. आम्ही त्याच नोटिशीखाली विचारायचो, की आतल्या खोलीत दार लावून बसल्यावर हूटर ऐकू आला का? अकरा घरांनी 'नाही' कळवलं. तपासणीला आलेला माणूस लॉबीत उभा राहून ऐकतो, त्याला हे कधीच कळलं नसतं.

घरात शिरायचं असेल, म्हणजे धूर ओळखणारा डिटेक्टर किंवा आगीत छतावरून पाणी फवारणारा स्प्रिंकलर बघायला, तर कोण येणार, किती मिनिटं, कशाला हात लावणार हे लिहा. दारं बंद राहतात त्यामागे आळसापेक्षा भीती जास्त असते. आमच्याकडे अनेकांना वाटायचं की एक स्प्रिंकलर सुटला की सगळ्या घरात पाणी. तसं होत नाही. बहुतेक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची नळी असते. लाल नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि जी फुटली तिथूनच पाणी येतं. हे दोन वाक्यांत लिहिलं तर पुढच्या खेपेला सहाच घरं बंद होती. त्या काचेला रंग लावू नका, हँगर अडकवू नका, हेही तिथेच लिहून टाका.

आता घाबरण्याचं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली, ७२ माणसं गेली. रहिवासी आधीपासून सुरक्षेबद्दल तक्रारी करत होते. आग लागली तर आपल्या घरातच थांबा, ही तिथली सूचना. ती टिकते केव्हा, तर आग एका फ्लॅटमध्येच अडकून राहील तेव्हा. बाहेरच्या आवरणाने ती भराभर वर नेली. पहिला फोन रात्री ००:५४ ला गेला आणि ती सूचना अधिकृतपणे मागे घेतली २:४७ ला. आपल्या इमारतीची खरी अवस्था रहिवाशांना माहीत नसणं किती महाग पडतं ते यात दिसतं. पुढे इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले. किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतीत अग्निशमन दलाच्या वापराच्या लिफ्ट आणि मुख्य उपकरणं दर महिन्याला तपासायची, निकाल रहिवाशांना बघता येईल असा ठेवायचा, आणि २४ तासांत दुरुस्त न होणारा बिघाड अग्निशमन दलाला कळवायचा. म्हणजे तुमच्या कमिटीतला वाद तिथे कायद्यानेच मिटवला. 'घरात थांबायचं की खाली उतरायचं' हे प्रत्येक इमारतीचं वेगळं असतं. तुमच्या अग्निशमन दलाला विचारून ती एक ओळ प्रत्येक मजल्यावर लावा.

आमच्याकडे पहिली खरी नोटीस लागली तेव्हा सभेत दीड तास आरडाओरडा झाला, 'हे आत्ता सांगता?' म्हणून. तो ऐकून घ्यावा लागतो. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं. तिसऱ्या वेळी विषय पैशांवर गेला, म्हणजे लोक वाचायला लागले होते.

कागद लिफ्टच्या आत लावा, तिथे माणूस नुसता उभा असतो. ग्रुपवर टाकाच, पण सुप्रभातच्या फुलांखाली तो तासाभरात गाडला जातो, आणि भाडेकरू, घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर त्या ग्रुपवर नसतातच. जिना उतरता न येणाऱ्यांची नावं मात्र बोर्डावर लावू नका. ती यादी वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकिटात, अग्निशमन दलासाठी.

आणि दर तपासणीला दोन रहिवासी सोबत न्या, दर वेळी वेगळे. आमच्या पहिल्या फेरीत दोघं सगळ्यात वरच्या मजल्यावर हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाच्या, दाब दाखवणाऱ्या गेजपाशी उभे राहिले. खाली पंप सुरू झाला, फोनवरून 'प्रेशर आलं' असं कळलं, आणि वरचा काटा शून्यावरून हलेना. पंप रूममध्ये वर जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवला होता. उघडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रिपोर्टमध्ये मात्र तो मजला सकाळीच 'ठीक' म्हणून भरून झाला होता.