नाव सुटलं, नाव कापलं की डावललं?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे. जानेवारीत गव्हाचं ओलित आटोपून पोरं संध्याकाळी पानठेल्यावर बसली होती. ७ च्या सुमारास मोबाईलवर ऑस्करची यादी आली आणि वाद पेटला. एक म्हणे, "आपल्या पिक्चरले नामांकन भेटलंच नाही, डावललं त्याले." दुसरा म्हणे, "नामांकन नाही बे, मानांकन म्हन." तिसरा म्हणे, "नामांकन तं कवाच भरलं होतं." तिघांत बरोबर कोण, आणि 'डावललं' हा शब्द इथे चालतो का, असा प्रश्न आहे.

'मानांकन' इथे नाही चालत. न आणि म यांची अदलाबदल झाली की शब्दच वेगळा होतो. मानांकन म्हणजे दर्जाचा शिक्का. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना २०१६ मध्ये. टेनिसमधला अग्रमानांकित खेळाडूही याच घरातला. त्या पोराच्या कानावर हा शब्द मिरची-हळदीच्या बातम्यांतून पडला असणार, त्याला दोष देण्यासारखं काही नाही.

आता नामांकन. आपल्या भागात हा शब्द सिनेमाच्या आधी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून आला. सरकारी कागदावर 'नामनिर्देशनपत्र' असतं, पण विदर्भात बोलताना सरपंचपदाचा उमेदवार 'नामांकन भरतो'. तो ते स्वतः भरतो, कोणी त्याला ते देत नाही. पुरस्कारात नेमकं उलटं असतं. तिथे नामांकन मिळतं, दुसऱ्या कोणी तरी तुमचं नाव निवडलेलं असतं. म्हणून माझं सांगणं असं की नामाआधी क्रियापद पाहा. 'भरलं' म्हटलं की निवडणूक, 'मिळालं' म्हटलं की पुरस्कार. विशेषणाच्या बाबतीत मात्र जपावं लागतं. 'नामांकित चित्रपट' म्हणजे मराठीत नावाजलेला चित्रपट, तो अर्थ जुना आणि पक्का आहे. यादीत आलेल्यासाठी 'नामांकन मिळालेला' हेच बरं, थोडं लांबलं तरी.

तिसऱ्या पोराचं म्हणणं सत्याच्या सगळ्यात जवळ आहे. फक्त त्याने जे भरलं असं म्हटलं, त्याला पुरस्कारांच्या भाषेत 'प्रवेशिका' म्हणतात. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या गटात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडून तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती निवडते. ही झाली प्रवेशिका. त्यानंतर आता आधी १५ चित्रपटांची यादी लागते आणि त्यातून ५ निघतात. त्या पाचांनाच नामांकन. या गटात भारताच्या प्रवेशिकेला आजवर तीनदाच नामांकन मिळालं: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' असे तीन चित्रपट प्रवेशिका म्हणून गेले, पाचात एकही आला नाही.

'श्वास'ची ती धामधूम मला चांगली आठवते. २००४ साल. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं होतं आणि त्याच वर्षी तो भारताची प्रवेशिका ठरला. अमेरिकेतल्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. जो तो 'ऑस्करचं नामांकन मिळालं' म्हणत होता, मीसुद्धा. जानेवारीत पाच नावं आली, त्यात 'श्वास' नव्हता, आणि गावभर एकच बोलणं, 'मिळालेलं काढून घेतलं'. काढून कोणीच घेतलं नव्हतं. पन्नासच्या आसपास देशांच्या चित्रपटांत आपला एक होता. आधीच 'प्रवेशिका' म्हटलं असतं तर ते दुःख निदान निम्मं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. राष्ट्रीय पुरस्कारांचंही तसंच. तिथे नामांकनं जाहीर होत नाहीत, थेट विजेते सांगतात. 'राष्ट्रीय पुरस्काराचं नामांकन हुकलं' हे वाक्य म्हणूनच निराधार आहे. राज्य सरकारच्या मराठी चित्रपट पुरस्कारांत मात्र नामांकनं जाहीर होतात.

आता खरा मुद्दा, डावलणे. हा शब्द 'डावा'वरून आला. देवाला प्रदक्षिणा घालताना आपण त्याला उजव्या हाताला ठेवतो, तो मान. डावलणे म्हणजे मान असलेल्याला डाव्या बाजूला टाकून पुढे जाणे. म्हणून या शब्दाला दोन गोष्टी लागतात: ज्याचा हक्क सगळ्यांना ठाऊक आहे असा कोणी, आणि तो ठाऊक असून पुढे गेलेला दुसरा कोणी. लग्नात मामाला टोपी-दुपट्टा दिला नाही, तर मामाला डावललं. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला दिला नाही, तर त्याला कोणी डावलत नाही.

घरकुलाची यादी लागते तेव्हा आपल्या गावात हे भेद किती बारकाईने पाळले जातात, ऐकून बघा. लिहिणाऱ्याच्या नजरचुकीने राहिलं, तर 'नाव सुटलं'. यादीत होतं आणि कोणी काढलं, तर 'नाव कापलं'. कागद अपुरे निघाले, तर 'बाद झालं'. थोडक्यात गेलं, तर 'हुकलं'. वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नाही, तर 'उपेक्षा'. सिनेमावर लिहिणारे या सगळ्यांसाठी एकच 'डावललं' वापरतात, तेही 'डावलला गेला' असं, कर्ता लपवून. मराठीत हे क्रियापद कर्ता मागतं. कोणी डावललं ते सांगा.

लावून बघू. २०१९ मध्ये नायजेरियाची प्रवेशिका 'लायनहार्ट', संवाद बहुतांश इंग्रजीत म्हणून नियमाने काढून टाकली. ती बाद झाली. २०२२ मध्ये समितीने गुजराती 'छेल्लो शो' पाठवला, 'आरआरआर' नाही. तेव्हा चाहते म्हणाले, डावललं. समितीला उद्देशून ते वाक्य मराठी म्हणून शुद्ध आहे, पटो न पटो. ऑस्करला उद्देशून मात्र नाही, कारण त्या गटात 'आरआरआर' त्यांच्यापुढे गेलाच नव्हता. दुसऱ्या गटात गेला, आणि 'नाटू नाटू'ला नामांकनही मिळालं, २०२३ मध्ये पुरस्कारही. तेव्हा पहिल्या पोराला विचारा, कोणी डावललं? नाव सांगता आलं तर शब्द ठेव, नाहीतर सरळ 'पाचात आलं नाही' म्हण.

वाचकाने जाता जाता असंही लिहिलं आहे की 'नामांकन भेटलं' ऐकून पुण्याचे पाहुणे हसले. आपल्याकडे पगार भेटतो, सुट्टी भेटते, हरवलेली किल्लीही भेटते. वर्तमानपत्रात लिहिताना 'मिळालं' लिहा. पानठेल्यावर त्या पोराला तिथे दुरुस्त करू नका.