‘हील’ला मराठीत काय म्हणावं? खलनायकच म्हणा!

प्रश्न थोडक्यात असा आहे: डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या व्यावसायिक कुस्तीत ज्या पैलवानाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवायची असते त्याला ‘हील’ म्हणतात. मराठीत त्याला ‘निगेटिव्ह कॅरेक्टर’ म्हणावं का? ‘खलनायक’ फार सिनेमातला वाटतो. आणि टाचेचा दुष्टपणाशी काय संबंध?

‘निगेटिव्ह कॅरेक्टर’ अजिबात नको. मालिकांच्या मुलाखतींतून हा शब्द सुटला आणि आता जिथे तिथे कानावर आदळतो. सासू निगेटिव्ह, वकील निगेटिव्ह, आता पैलवानही निगेटिव्ह! निगेटिव्ह म्हणजे उणे. चांगला हील खेळातून काही उणे करत नाही, सगळा खेळ त्याच्याच खांद्यावर असतो. ते कसं, ते पुढे सांगतो.

टाचेचं आधी उरकून घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गुन्हेगारांच्या बोलीत ‘हील’ म्हणजे हलकट, कवडीमोलाचा माणूस. टाच म्हणजे शरीराचा अगदी तळ, म्हणून बहुधा हा अर्थ. आपणही एखाद्याला पायताणाच्या लायकीचा म्हणतोच. त्या बोलीतून शब्द कुस्तीत आला. काही जण तो ग्रीक वीर अकिलीसच्या टाचेला नेऊन बांधतात, ते चूक आहे. त्या टाचेत दुबळेपणा आहे, हलकटपणा नाही. लिहिताना ‘ही’ दीर्घच काढा. ‘हिल’ म्हणजे टेकडी.

‘व्हिलन’ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: लॅटिन ‘विला’ म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा तो ‘विलानुस’. गावंढळ, मग असभ्य, मग दुष्ट, अशी त्या शब्दाची घसरण झाली. मेक्सिकोत हीलला ‘रुडो’ म्हणतात, म्हणजे ओबडधोबड, धसमुसळा. त्याच्यासमोरचा ‘तेक्निको’, डावपेच जाणणारा. तिथल्या कुस्तीचं नाव ‘लुचा लिब्रे’, मोकळी झुंज, म्हणजे शब्दशः आपली फ्रीस्टाइल.

फ्रीस्टाइलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: ‘नगरसेवकांत फ्रीस्टाइल हाणामारी’. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती पाहा. वजनगट, गुण, मिनिटं, पंच, सगळं काटेकोर. आपल्याकडे या शब्दाला बेबंदपणाचा वास लागला तो, माझ्या मते, दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या जमान्यातल्या जाहीर झुंजींमुळे. मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर या झुंजींना तुडुंब गर्दी व्हायची. तिथे लोकांनी जे पाहिलं त्याचं नाव फ्रीस्टाइल होतं, म्हणून धुमश्चक्रीचं नावच फ्रीस्टाइल झालं. एका चांगल्या शब्दाची ही नासाडी आहे, आणि वर्तमानपत्रांनी ती थांबवायला हवी.

आता ‘खल’.

धान्याची मळणी करायची जागा म्हणजे आपलं खळं. संस्कृतात ‘खल’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 48व्या सूक्तात इंद्र स्वतःबद्दल बोलतो. सातव्या ऋचेचा भाव असा: मी एकटा एकाला भारी आहे, दोघांनाही भारी आहे, तिघे तरी माझं काय करतील? ‘खले न पर्षान्’, खळ्यावर पेंढ्या झोडाव्यात तसा मी पुष्कळांना झोडतो. मला न मानणारे हे शत्रू माझी काय निंदा करतात! ही ऋचा मोठ्याने वाचा. झुंजीआधी मायक्रोफोन हातात घेऊन पैलवान ज्याला ‘प्रोमो’ म्हणतात ते देतो, त्यात आणि यात मला तसूभर फरक दिसत नाही.

याच ऋचेवर, वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क त्याच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात सांगतो की ‘खल’ हे संग्रामाचं नाव आहे. धान्याचं खळं आणि रणांगण, दोन्ही एकाच शब्दात! ‘खल्’ किंवा ‘स्खल्’ या धातूंपासून तो शब्द काढतो, तिथे मी त्याच्याबरोबर नाही. हातात दिसेल त्या धातूला शब्द टांगायची यास्काची खोड जुनी आहे. खरी गंमत दक्षिणेत आहे. तमिळमध्ये ‘कळम्’ म्हणजे खळं, आणि रणांगणही ‘पोर्क्कळम्’. कन्नडमध्ये ‘कण’ म्हणजे खळं, आणि आपण जिथे ‘निवडणुकीचा आखाडा’ लिहितो तिथे कन्नड वर्तमानपत्रं ‘चुनावणा कण’ लिहितात. वेदापासून बेळगावच्या वर्तमानपत्रापर्यंत ही जोडी सुटलेली नाही. सपाट, मोकळी, चोपून काढलेली जागा, मध्ये झोडपणं, भोवती माणसं. कुस्तीच्या रिंगणाचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही.

व्युत्पत्तिकोशांत मात्र खळ्याचा ‘खल’ वेगळा आणि दुष्टाचा ‘खल’ वेगळा. द्राविडी मूळ मानणारे अभ्यासक दुष्ट अर्थाच्या ‘खल’ला कन्नड ‘कळ्ळ’कडे, म्हणजे चोराकडे नेतात. मला हे वाटप मान्य नाही. शेतवाडीवरच्या माणसाचा इंग्रजीत व्हिलन होऊ शकतो, तर खळ्यावरच्या माणसाचा आपल्याकडे खल का होऊ नये? दोन नोंदी वेगळ्या ठेवणाऱ्यांनी त्या वेगळ्या असल्याचा पुरावा द्यावा. उच्चार एक, लेखन एक. मी तरी हा एकच शब्द मानतो.

शब्दाचा दुसरा अर्धा भाग ‘नायक’. इथे नाट्यशास्त्राची मंडळी हरकत घेतात: दुष्टाला नायक कसं म्हणता, शास्त्रात शब्द ‘प्रतिनायक’ आहे. आहेच. ‘दशरूपक’ हा नाट्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या धनंजयाने दहाव्या शतकात त्याची लक्षणं दिली: लोभी, धीरोद्धत, ताठर, पापी, व्यसनी. आणि धीरोद्धत म्हणजे? दर्प आणि मत्सर यांनी भरलेला, कपटात मुरलेला, अहंकारी, चंचल, तापट आणि ‘विकत्थन’, म्हणजे स्वतःच्या बढाया मारणारा. 1940च्या दशकात अमेरिकेत ‘गॉर्जस जॉर्ज’ नावाने लढणाऱ्या जॉर्ज वॅग्नरला ही यादी मापाची बसते. सोनेरी केस कुरळे केलेले, अंगावर झुळझुळीत झगा, आणि तो रिंगमध्ये उतरायच्या आधी त्याचा नोकर तिथे अत्तर फवारणार! पंच तपासायला आला की याने ओरडायचं, तुझे घाणेरडे हात मला लावू नकोस. लोक त्याचा पराभव पाहायला पैसे मोजायचे. मुहंमद अलीने आपल्या बढायांचं श्रेय या माणसाला दिलेलं आहे.

लक्षणं मला मान्य आहेत. नाव मान्य नाही. ‘प्रति’ लावला की तो नुसता समोरचा होतो, विरोध करण्यापुरता. ‘नायक’मध्ये ‘नी’ धातू आहे, नेणे. नेतो तो नायक. आणि कुस्तीच्या रिंगमध्ये नेतो कोण? हील! जुन्या अमेरिकी रिवाजात झुंज चालवायची जबाबदारी हीलची. डोकं काखेत आवळून धरायचं, तोंड समोरच्याच्या कानाशी न्यायचं, आणि पुढचा डाव कुजबुजायचा. प्रेक्षकांना फक्त पकड दिसते. गर्दी किती तापली आहे, कधी उठू द्यायची, कधी बसवायची, हे तो ठरवतो. लाडक्या पैलवानाने दोन ठोसे लगावले, लोक उभे राहिले, की डोळ्यात बोट. लोक खाली. पुन्हा तो सावरतो, पुन्हा लोक उठतात, पंचाची पाठ वळते, मानेवर कोपर. तिसऱ्यांदा जेव्हा तो खरोखर सुटतो तेव्हा जो आवाज उठतो, तो दोन वेळा दाबून साठवलेला असतो. त्या साठवणीला कुस्तीवाले ‘हीट’ म्हणतात. ती तयार करणं हे हीलचं काम, आणि ती फुटते तेव्हा टाळ्या दुसऱ्याला मिळतात. सिनेमातला खलनायक कथेला पुढे नेतो, हा प्रत्यक्ष माणसाला हाताला धरून नेतो. ‘खलनायक’ हा शब्द सिनेमापेक्षा कुस्तीत जास्त खरा आहे.

पुरावा म्हणून ‘आयर्न शेख’ घ्या. खरं नाव हुसेन खोसरो अली वझिरी, इराणी. आधी नावातली चूक: ‘शेख’ हा अरबी शब्द आहे आणि वझिरी अरब नव्हता. अमेरिकी प्रेक्षकाला तो फरक कळत नव्हता, आयोजकांना कळवायचा नव्हता. गडी अस्सल कुस्तीतला, 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघाचा साहाय्यक प्रशिक्षक. ‘कुस्ती’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. मध्य फारसीत ‘कुस्तीग’ म्हणजे कमरेचा पट्टा, तो धरून लढायचं. पारशी लोक कमरेला बांधतात ती कुस्तीही हीच. त्या शब्दाच्या मायदेशातून आलेला हा पैलवान रिंगमध्ये ‘मील’ फिरवायचा, आपल्याकडे तालमीत करेल फिरवतात तसेच, आणि समोरच्याला फिरवून दाखव म्हणायचा. पायात वर वळलेल्या टोकांचे बूट. लाथ मारण्याआधी बुटाचं टोक जमिनीवर आपटायचा, आणि आत काहीतरी दडवलंय म्हणून लोक पंचाच्या नावाने ओरडायचे.

तेहरानमध्ये 52 अमेरिकी 444 दिवस ओलीस होते. ते सुटले 1981च्या जानेवारीत. ती जखम ओली असताना हा माणूस ‘इराण नंबर वन’ म्हणायचा आणि अमेरिकेचं नाव घेऊन थुंकायचा. 26 डिसेंबर 1983ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने तेव्हाच्या विजेत्या बॉब बॅकलंडला ‘कॅमल क्लच’मध्ये आवळलं: पाठीवर बसून हनुवटी मागे ओढायची पकड. बॅकलंडने हार मानली नाही. त्याच्या व्यवस्थापकाने टॉवेल फेकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. किती विचारपूर्वक बेतलेलं आहे हे! विजेतेपदाचा पट्टा गेला, पण बॅकलंडची इज्जत राहिली, आणि शेखला चीत न करताच पट्टा मिळाल्याची चीड लोकांच्या मनात राहिली. चार आठवड्यांनी, 23 जानेवारी 1984ला, त्याच रिंगमध्ये हल्क होगन हा अमेरिकी पैलवान त्याच पकडीतून पाठीवरच्या शेखसकट उठला, त्याला कोपऱ्यावर आदळलं आणि पट्टा जिंकला. होगनचं साम्राज्य त्या रात्री सुरू झालं. त्याला तिथवर नेणारा शेख होता.

हाच होगन 7 जुलै 1996ला खल झाला तेव्हा लोकांनी रिंग कचऱ्याने भरून टाकली. पक्ष बदलण्याला कुस्तीत ‘टर्न’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी शब्द नाही अशी तक्रार मी ऐकतो. ज्ञानेश्वरांनी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलं आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ नष्ट होवोत असं मागणं नाही, वाकडेपणा गळून पडो असं आहे. खल चांगला झाला तर ‘व्यंकटी सांडली’, आणि उलट झालं तर ‘व्यंकटी धरली’. मी तरी असंच म्हणतो. 1997च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक महासोहळ्यात, तोवर खल असलेला स्टीव्ह ऑस्टिन रक्ताने माखलेला, तोवर चांगल्या बाजूच्या ब्रेट हार्टच्या पकडीत, हार न मानता बेशुद्ध झाला, आणि ब्रेटने त्यानंतरही त्याला मारलं. एका झुंजीत एकाची व्यंकटी सांडली आणि दुसऱ्याने धरली, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

कोणीतरी म्हणेल, हे सगळं ठरवून, म्हणजे नुरा कुस्ती. हाही शब्द चुकीच्या जागी वापरला जातो. नुरा म्हणजे निकाली कुस्ती आहे असं भासवून लोकांना फसवणं. इथे प्रेक्षकाला माहीत असतं. तरीही पूर्वी एक पथ्य मोठं असायचं, त्याला ‘केफेब’ म्हणतात: रिंगमधलं वैर बाहेरही पाळायचं. 1987 साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी थांबवली, तर आत आयर्न शेख आणि त्याचा कट्टर वैरी जिम डगन शेजारी शेजारी! अमली पदार्थ सापडले, ते वेगळंच. कुस्तीच्या धंद्याला धक्का बसला तो दोघे एका गाडीत होते याचा.

राहिला ‘बेबीफेस’, हीलच्या समोरचा. त्याला ‘नायक’ म्हणू नका. नेणारा तो नाही, हे वर सांगितलं. ‘सज्जन’ म्हटलं तर कीर्तनातला वाटेल. ‘लाडका’ म्हणा: लाडका पैलवान आणि खलनायक, अशी जोड लावा.