आजोबांचे फोटो आणि बारावीची परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. माझे वडील अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत येण्याआधी चेन्नईजवळ आवडीच्या रणगाडा कारखान्यात होते. तेव्हा शोलावरमच्या रेसमध्ये त्यांनी काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो पोरीच्या हाती लागले. आता ती एकेका एकआसनी गाडीचं मॉडेल शोधत बसते. एकाच फोटोवर अकरा पानं लिहिलीत, सोबत झेरॉक्स जोडतो. यातून पुढे पोटापाण्याचं काही होईल, की हे बंद करायला सांगू?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार. झेरॉक्स पाठवलीत हे फार चांगलं केलंत. अकराही पानं वाचली. बंद करायला सांगू नका.

फोटोतली गाडी लोटस या ब्रिटिश कंपनीचं २० मॉडेल की २२, यावर ती अडली आहे. पुढच्या चाकात डिस्क ब्रेक दिसतो, म्हणजे २२, कारण २० ला ड्रम ब्रेक होते. कुणीही इथेच थांबलं असतं. तिने पुढे लिहिलंय : ‘२० ला नंतर कुणी डिस्क बसवले असतील तर? नाकही बदललेलं असू शकतं, म्हणून त्यावरून ठरवत नाही.’ सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्याच उत्तरावर अशी शंका घ्यावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

जुन्या रेसगाड्या ओळखण्याच्या कामात हीच शंका लागते. फॉर्म्युला ज्युनियर या शर्यतप्रकाराचंच बघा, लोटस २० आणि २२ त्यातल्याच. इटलीत काउंट जॉनी लुरानी यांनी ही कल्पना मांडली. साध्या मोटारीचं इंजिन वापरायचं, ११०० सीसीच्या इंजिनला गाडीचं किमान वजन ४०० किलो. १९६३ पर्यंत हा प्रकार चालला आणि तेवढ्यात कितीतरी छोट्या कारखानदारांनी हात आजमावला. स्टँग्वेलिनीने फियाटचं इंजिन पुढे ठेवलं, कूपर आणि लोटसने ते चालकाच्या मागे नेलं. पुढे या गाड्या हातोहात विकल्या गेल्या. इंजिन बदललं, अपघातानंतर दोन गाड्यांची मिळून एक झाली. चॅसिस नंबरच्या पट्टीवरही विसंबता येत नाही, कारण रिव्हेट काढले की ती दुसऱ्या गाडीवर जाते. मग सस्पेन्शनचे दांडे फ्रेमला कुठे जोडलेत, वेल्डिंग कसं आहे, हे जुन्या फोटोंशी ताडून पाहावं लागतं.

आता पोटापाण्याचं. फक्त गाड्या ओळखायची नोकरी नसते. ही नजर लिलाव कंपन्यांना लागते, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपला, विम्यासाठी किंमत ठरवणाऱ्यांना आणि संग्रहालयांना लागते. जुन्या रेसकारना आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरायचं तर एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट काढावा लागतो, त्यातही गाडीचा इतिहास तपासतात. आपल्याकडे हे क्षेत्र लहान आहे. म्हणून पाया मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा असू द्या. सीईटी देईलच, पण व्हीएनआयटी मनात असेल तर प्रवेश जेईई मेनवर होतो, हे विसरू नका.

कॉलेज निवडताना एक चौकशी आवर्जून करा : तिथली मुलं फॉर्म्युला भारतमध्ये उतरतात का? त्यात विद्यार्थी स्वतः एकआसनी रेसकार बांधतात आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चालवतात. ज्यांच्या नावाचा तो ट्रॅक आहे, त्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चं इंजिन घालून एकआसनी गाड्या बनवल्या होत्या. फोटोतल्या फ्रेमची नळी कुठे वाकवली आणि का, हे स्वतः फ्रेम जोडताना तिला नीट कळेल. आज ती फक्त कागदावर बघतेय, आणि माझ्या मते तिची एवढीच बाजू कच्ची आहे.

परीक्षेपर्यंत शोध रविवारी एक तास, इतर दिवशी अभ्यास. तो एक तास मात्र इंटरनेटवर नको, आजोबांजवळ बसून जाऊ द्या. कोणतं वर्ष, कोण चालवत होतं, गाडीचा रंग कोणता होता (ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो कळत नाही), हे सांगणारे तुमच्या घरात तेच एक आहेत. ते आठवून सांगतील तसं मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.