रोटरी हॅमरने लोखंडाला भोक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पार्किंगच्या शेडसाठी ६ मिमी जाडीच्या एमएस (साध्या लोखंडाच्या) अँगलला १० मिमीची भोकं पाडायची आहेत. घरी २६ मिमीचं एसडीएस प्लस (खाचा असलेल्या दांड्याची बिटं घेणारं) रोटरी हॅमर, म्हणजे फिरताना ठोकेही मारणारं ड्रिल आहे. सोबतच्या बिटने नुसता चकचकीत खड्डा पडला. मग चावीचा चक (गोल दांड्याचं बिट चावीने आवळून धरणारी पकड) आणि धातूसाठीचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट आणलं, तर ते आधी घसरलं आणि नंतर टोकाला निळं पडलं. हे मशीन लोखंडाला चालतच नाही का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : चालतं, पण हॅमर बंद करून. सोबतचं बिट काँक्रीटसाठी असतं. त्याच्या टोकाचं कार्बाइड दगड फोडतं, लोखंड कापत नाही. बाजूचा खटका फक्त ड्रिलच्या खुणेवर आणा. चावीचा चक लावलेला असताना हॅमर चुकूनही चालू करू नका. ठोक्यांनी चकची पकड सैल होते आणि बिटची धार तुटते.

बिट घसरलं त्याचं कारण असं, की एसडीएसचा दांडा मशीनमध्ये मुद्दाम सैल बसवलेला असतो, म्हणजे ठोका बसताना तो मागेपुढे सरकू शकतो. त्यावर चक चढवला की बिटचं टोक थोडं हलतंच. म्हणून सेंटर पंचने ठळक खूण करा आणि आधी ४ मिमीचं भोक आरपार पाडा. १० मिमी बिटच्या अगदी मधली आडवी धार कापत नाही, धातू नुसता दाबते. हे आधीचं लहान, म्हणजे पायलट भोक असलं की तिला कामच उरत नाही आणि जोर निम्म्याहून कमी लागतो. ही पायरी गाळू नका.

आता निळेपणा. साध्या लोखंडात एचएसएस बिटच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास हवा. १० मिमीला तो साधारण ८०० फेऱ्यांवर मिळतो. या वर्गातली बहुतेक मशीन ९०० ते ११०० फेऱ्यांची असतात, तेव्हा ट्रिगर पाऊण दाबा. मात्र खरा घोळ बहुतेक वेळा हलक्या हाताने होतो. दाब कमी पडला की धार कापण्याऐवजी घासते, तापते आणि जाते. दाब नीट असेल तर दोन्ही खाचांतून सलग वळलेला कीस निघतो. नुसता भुगा पडत असेल तर धार गेली किंवा दाब कमी आहे. मधूनमधून कटिंग ऑइलचे दोन थेंब टाका. निळं पडलेलं टोक पुन्हा घासून घ्या, नाहीतर पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून नवं बिट आणा.

शेवटचा अर्धा मिलिमीटर सर्वांत धोक्याचा. बिट आरपार निघताना कडेला अडकतं आणि या मशीनचा पीळ मनगट फिरवू शकतो. तिथे दाब एकदम कमी करा. अँगल दोन सी-क्लॅम्पने बांधा, बाजूची मूठ धरा, चष्मा लावा. सुती हातमोजे मात्र नकोत, ते बिटला गुंडाळतात.

प्रश्न : ३०४ स्टेनलेसच्या रेलिंगलाही हेच चालेल?

उत्तर : कोबाल्टचं बिट घ्या, वेग निम्मा करा, तेल भरपूर वापरा. एकदा कापायला लागल्यावर दाब सोडून बिट फिरू देऊ नका. घासलेला पृष्ठभाग लगेच कडक होतो आणि मग तिथे काहीच शिरत नाही.

प्रश्न : एसीच्या ब्रॅकेटसाठी भोक पाडताना मध्येच सळई लागते. तीही एचएसएसने कापावी का?

उत्तर : नाही. करडी पूड थांबली, आवाज खणखणीत झाला, क्लच (बिट अडकलं की फिरणं तोडणारा मशीनमधला भाग) कटकटला की थांबा. बीम आणि कॉलममधली सळई इमारतीचा भार पेलते, ती कापायची नसते. भोक बाजूला सरकवा, जुनं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आक्रसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा आणि ते घट्ट झाल्यावरच शेजारी अँकर ठोका.