हँडल बिघडलं म्हणून मुदत ठेव मोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडक्यांपैकी दोनींची हँडलं सैल झालीत, एकीचं तुटलंय. बघायला आलेल्या माणसाने सगळ्या खिडक्याच बदला, हप्ते करून देतो, असं सांगितलं. हप्ते नकोत, तर मुदत ठेव मोडावी का?

मोडू नका. ठेव मुदतीआधी मोडली की व्याज कमी हातात पडतं, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम जाते ती वेगळीच. बिघाड नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत हप्त्यांच्या कागदावरही सही करू नका.

बिघाड शोधायला पैसे लागत नाहीत. हँडल आडवं फिरवा, बुडाची टोपी सरकवा. खाली दोन स्क्रू दिसतील. तुटलेलं हँडल काढा आणि त्या जागी शेजारच्या खिडकीचं चांगलं, तसंच हँडल तात्पुरतं लावून फिरवा. झडपेच्या कडेचे खटके सरकले, तर दोष फक्त हँडलचा. सरकले नाहीत, तर बहुधा आतला गिअरबॉक्स, म्हणजे हँडल फिरवल्यावर खटके सरकवणारी यंत्रणा, गेलाय. तोही सुटा बदलता येतो, खर्च थोडा वाढतो एवढंच. सैल हँडलांचे स्क्रू आधी आवळून बघा, कदाचित काम तिथेच संपेल.

नवं हँडल घेताना रंगरूपाआधी मापं बघा. दोन स्क्रूंमधलं अंतर बहुतेक वेळा ४३ मिलिमीटर असतं आणि चौकोनी दांडी, म्हणजे स्पिंडल, ७ मिलिमीटर जाडीची. फसवणूक होते ती स्पिंडलच्या लांबीत: आखूड असेल तर पकड बसत नाही, लांब असेल तर हँडल टेकत नाही. वाकडं हँडल असेल तर डावं की उजवं हेही बघावं लागतं. म्हणून जुनं हँडल सोबत न्या आणि आधी एकच विकत घ्या. ते नीट बसलं की बाकीची घ्या. मापं न बघता एकदम सगळी मागवली की स्वस्त सौदा महाग पडतो. स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नको. जास्त आवळले तर हँडल जड फिरतं. कुलूपवालं घेतलं तर किल्ली खिडकीजवळ, पण मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आग लागली तर ती शोधत बसायला वेळ नसतो.

हा खर्च महिन्याच्या घरदुरुस्तीच्या रकमेतून करा. अशी रक्कम बाजूला काढत नसाल तर या महिन्यापासून काढा. मला तुमच्या पत्रात खिडक्यांपेक्षा याची जास्त काळजी वाटली.

पूर्ण खिडकी बदलायची वेळ येते ती चौकट वाकल्यावर किंवा तिचे सांधे उघडल्यावर. दुहेरी काचेच्या आत धुकं साचलं तरी बहुधा नुसती काच बदलून भागतं. चौकटच गेली असेल, तर सर्वात खराब खिडकी आधी बदला, बाकीच्यांसाठी पैसे साठवत राहा. आणि बिनव्याजी हप्ते म्हणाले, तर तीच खिडकी रोखीने केवढ्याला देता, हे लेखी मागा.